सहा रविवार, बाराशे रुपये आणि अमेरिकेचं यादवी युद्ध : सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेतल्या वर्गाचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो, जावा. पैसे वाया जात नाहीत. आता सविस्तर लिहितो कारण बऱ्याच जणांनी विचारलंय की कसा होता तो वर्ग आणि सोलापुरात बसून अमेरिकेच्या लढाईवर दीड महिना काय बोलत होता तुम्ही.

सात रस्त्यापासून थोडं आत एक अभ्यासिका आहे, खाली झेरॉक्सचं दुकान, वर दोन मजले एमपीएससीची पोरं. माझी पुतणी तिथं बसते अभ्यासाला. दिवाळीनंतर तिनं एक पत्रक आणलं, रविवारी सकाळी दहा ते साडेबारा, सहा रविवार, विषय अमेरिकेचं यादवी युद्ध (१८६१ ते १८६५, तिथल्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांमधलं), ते का झालं आणि लोकांनी ते कसं लक्षात ठेवलं, फी १,२०० रुपये, झेरॉक्सचा गठ्ठा त्यातच. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुताची खरेदी बघतो, वीस वर्षं झाली, कापसाचा भाव आणि सुताचा काउंट यातच दिवस जातो. पण कापसाशी संबंध असलेल्या माणसाच्या कानावर कधीतरी पडलेलं असतंच की अमेरिकेत लढाई लागली तेव्हा मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता. तेवढ्या एका गोष्टीपायी मी नाव दिलं.

२६ जण होतो. त्यात आठ-दहा स्पर्धा परीक्षेची पोरं, दोन शाळेतल्या बाई, लॉ कॉलेजची एक मुलगी, पूर्व भागातले यंत्रमागवाले दोघं भाऊ (आपसात तेलुगूत बोलायचे आणि प्रश्न मात्र चोख मराठीत विचारायचे), आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका. या काकांबद्दल पुढं लिहितो, कारण खरं सांगायचं तर निम्मा वर्ग त्यांच्यामुळं रंगला. शिकवणारे सर पूर्वी कॉलेजवर होते, आता घरी बसून वाचन-भाषांतर करतात. कुणाचंच नाव इथं लिहीत नाही, न विचारता बरं दिसत नाही.

पहिला रविवार मला अजिबात आवडला नाही, हे स्पष्ट लिहितो. सरांनी १८२० पासून सुरुवात केली आणि दीड तासात १८६० पर्यंत आले. मिसूरीची तडजोड, कॅन्सस-नेब्रास्का कायदा, ड्रेड स्कॉटचा खटला, जॉन ब्राऊनचा हार्पर्स फेरीवरचा छापा, सगळं एकामागं एक, फळ्यावर सनावळ्या आणि बाण, नकाशा एकच आणि तोही ए-फोर साइजचा भिंतीला चिकटवलेला, मागच्या खुर्चीवरून त्यात काय दिसणार. माझ्या शेजारचा पोरगा तर फोनवर दुसऱ्याच विषयाचे प्रश्न सोडवायला लागला. ज्याला अमेरिकेची राज्यं कुठं आहेत हेच माहीत नाही त्याला आधी नकाशा समजावून सांगा की, कुठं कापूस पिकतो, कुठं गिरण्या आहेत, नदी कुठून वाहते, मग सनावळ्या. पुढच्या बॅचला हे बदलावंच. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला म्हणालो की पुढच्या रविवारी जाईन की नाही सांगता येत नाही.

बरं झालं गेलो.

दुसऱ्या रविवारी सरांनी फळा पुसला आणि गठ्ठ्यातली पानं काढायला लावली. त्यांचं म्हणणं असं की युद्ध का झालं हे युद्ध संपल्यावर लिहिलेल्या आठवणीतून शोधायच्या आधी, दक्षिणेकडच्या ज्या राज्यांनी देश सोडला त्यांनी सोडताना स्वतःच्या सहीनं काय लिहून ठेवलं ते वाचा. आणि लिहून ठेवलंय, हे मला तोवर माहीतच नव्हतं. १८६० च्या नोव्हेंबरात लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना बाहेर पडलं, आणि नुसतं बाहेर पडलं नाही तर आम्ही का जातोय याचं जाहीर पत्रक काढलं. पाठोपाठ मिसिसिपी, जॉर्जिया, टेक्सस यांनीही काढलं. सरांनी त्याचं सोप्या मराठीत भाषांतर करून दिलंय, ते ह्या वर्गाचं खरं भांडवल आहे.

तर काका उठले. काकांची मुलगी अटलांटाला असते, जॉर्जियात. दोनदा जाऊन आलेत, तीन-तीन महिने राहून. तिथं जवळच स्टोन माउंटन नावाचा एक मोठा दगडी डोंगर आहे, त्यावर दक्षिणेचे तिघं घोड्यावर कोरलेत, दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि सेनापती रॉबर्ट ली, स्टोनवॉल जॅक्सन. काकांना तिथं फिरवणाऱ्या एका शेजारी माणसानं सांगितलं होतं की हे युद्ध राज्यांच्या हक्कासाठी होतं, कराच्या जाचापायी होतं, गुलामीचं नंतर चिकटवलं. काका म्हणाले, मी स्वतः बघून आलोय, तिथली माणसं चांगली आहेत, उगाच खोटं कशाला बोलतील. आणि काकांनी नुसतं ऐकीव सांगितलं नाही, वाचूनही आले होते. १८३२ ला साउथ कॅरोलायनानं आयात कराविरुद्ध खरोखरच दंड थोपटले होते, तो कायदा आम्ही पाळणार नाही म्हणाले होते, हा मुद्दा त्यांनी काढला. सरांनी लगेच कबूल केलं की हो, ते झालं होतं.

मग सरांनी काकांनाच मिसिसिपीचं पत्रक मोठ्यानं वाचायला दिलं. काकांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. दुसऱ्याच वाक्यात आहे की आमची भूमिका गुलामीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या आर्थिक हितसंबंधाशी. काका तिथं थांबले. परत वाचलं. पुढं तर उन्हाचं आणि काळ्या माणसाच्या कातडीचं लिहिलंय, की अशा हवेत फक्त तेच राबू शकतात. कुणी काही बोललं नाही, फॅनचा तेवढा आवाज यायला लागला.

पण काका सहजासहजी सोडणारे नाहीत आणि मला ते आवडलं. ते म्हणाले की बरं, हे एका राज्याचं झालं, पण कराचं काय? सरांनी सांगितलं की १८५७ चा कर कमीच होता, आणि दक्षिणेच्या नावानं जो जास्तीचा कर सांगितला जातो तो मॉरिल टॅरिफ मार्च १८६१ मध्ये मंजूर झाला, तोपर्यंत सात राज्यं निघूनही गेली होती, उलट त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणूनच तो मंजूर होऊ शकला. म्हणजे जे नंतर झालं ते आधीच्याचं कारण कसं होईल. मी रोज बिलांच्या तारखा बघणारा माणूस आहे, मला ही गोष्ट एकदम पटली. कुठलाही वाद असो, आधी तारखा लावून बघाव्यात.

राज्यांच्या हक्काचं लॉ कॉलेजच्या मुलीनं उचललं. ती म्हणाली, काका, तुम्ही साउथ कॅरोलायनाचं पान बघा, ते कशाबद्दल तक्रार करायलेत? उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, त्यांनी स्वतःचे कायदे करून अडवणूक केली, न्यूयॉर्क तर गुलामाला घेऊन नुसतं राज्यातून जाऊ पण देत नाही. म्हणजे उत्तरेची राज्यं स्वतःचा हक्क वापरायलीत आणि दक्षिणेला ते नकोय, पळालेले गुलाम परत देण्याच्या १८५० च्या कायद्यानं केंद्रानं त्यांचा हात पिरगाळावा असं पाहिजे. मग राज्यांचा हक्क नेमका कुणाला पाहिजे होता? काका म्हणाले, थांब, मला परत वाचू दे. एवढंच. हरलो नाही म्हणाले, जिंकलो नाही म्हणाले, थांब वाचू दे म्हणाले. टीव्हीवरच्या चर्चेत हे वाक्य मी आजपर्यंत ऐकलेलं नाही.

त्यानंतर अलेक्झांडर स्टीफन्सचं भाषण झालं, दक्षिणेच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष, मार्च १८६१, सव्हाना शहर. त्यात तो आमच्या सरकारची कोनशिलाच ही आहे म्हणतो की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. आणि त्यांच्या राज्यघटनेत तर गुलामांवरचा मालकी हक्क कमी करणारा कायदा करताच येणार नाही असं कलमच घातलेलं. हे सगळं त्यांच्याच तोंडचं. माझं मत विचाराल तर दक्षिण का फुटली या प्रश्नाचा निकाल त्या दिवशी लागला, गुलामी टिकवण्यासाठी फुटली, बाकीची कारणं त्याच झाडाच्या फांद्या.

तिसरा रविवार सगळ्यात चांगला होता आणि सगळ्यात जड पण. सर म्हणाले की लोक जे भांडतात ते बहुतेक वेळा तीन वेगळे प्रश्न एकात कालवल्यामुळं. दक्षिण का फुटली हा एक. उत्तरेकडची राज्यं लढायला का उभी राहिली हा दुसरा. आणि साधा शिपाई, दोन्हीकडचा, घर सोडून का गेला हा तिसरा. तिघांची उत्तरं एकच असायला पाहिजेत असं नाही. आम्ही आधीच्या रविवारी पहिल्याचं उत्तर काढलं होतं, आणि काकांचे अर्धे मुद्दे खरं म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्याचे होते. उत्तरेकडची राज्यं सुरुवातीला गुलामी मोडायला निघालीच नव्हती, देश एकत्र ठेवायला निघाली होती. लिंकननं ऑगस्ट १८६२ मध्ये होरेस ग्रीली या संपादकाला लिहिलेलं पत्र गठ्ठ्यात आहे, त्यात तो सरळ म्हणतो की एकही गुलाम मुक्त न करता देश वाचत असेल तर तसं करीन, सगळे मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन. हे वाचून पोरांना धक्का बसला, त्यांच्या डोक्यात लिंकन म्हणजे पहिल्या दिवसापासून मुक्तिदाता. सरांनी तिथंच सांगितलं की पत्र लिहिलं तेव्हा मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याच्या टेबलावर तयार होता, सप्टेंबरात त्यानं इशारा दिला आणि १ जानेवारी १८६३ ला जाहीरनामा लागू केला. म्हणजे माणूस आणि युद्ध दोन्ही वाटेत बदलत गेले.

आणि कुणामुळं बदलले? इथं सरांनी जी गोष्ट सांगितली ती मी घरी येऊन जेवताना सगळ्यांना सांगितली. मे १८६१, लढाई लागून सव्वा महिना झालेला, व्हर्जिनियात फोर्ट मन्रो नावाचा किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. रात्री तीन गुलाम ठेवलेली माणसं होडीतून पळून तिथं आली. मालकाचा माणूस आला परत मागायला, म्हणाला तुमच्याच देशाचा कायदा आहे, परत द्या. किल्ल्यावरचा जनरल बटलर मूळचा वकील. तो म्हणाला, तुम्ही तर म्हणता व्हर्जिनिया आता वेगळा देश आहे, मग आमचा कायदा तुम्हाला कसा लागू? शत्रूचा माल म्हणून ठेवून घेतली त्यांना. तिघांचे तीनशे झाले, मग हजारो. ती माणसं चालत आली म्हणून वॉशिंग्टनला ठरवावं लागलं की यांचं करायचं काय. पुढं एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. सर पूर्ण वेळ "गुलाम ठेवलेली माणसं" असंच म्हणायचे, नुसतं "गुलाम" क्वचित. पहिल्या दिवशी मला ते लांबलचक वाटलं, तिसऱ्या रविवारपासून मीही तसंच बोलायला लागलो.

साध्या गोऱ्या शिपायाबद्दल काकांचा मुद्दा होता की दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या घरांत एकही गुलाम नव्हता, मग ते कशाला लढले गुलामीसाठी? चांगला प्रश्न आहे. यंत्रमागवाल्या भावांपैकी धाकट्यानं उत्तर दिलं. म्हणाला, साउथ कॅरोलायनात आणि मिसिसिपीत अर्ध्याहून जास्त लोक गुलामीत होते, उद्या ते मोकळे झाले तर आपण गरीब असलो तरी कुणाच्या तरी वर आहोत ही गोष्ट संपली, त्या भीतीपायी लढले असतील, आणि कुणी गावासाठी, कुणी भावासाठी, कुणाला सक्तीनं नेलं म्हणून. कुणाच्या तरी वर असण्याची ही गोष्ट आपल्याला परकी नाही, असं तो शेवटी हळू म्हणाला. त्यावर चर्चा वाढायला पाहिजे होती पण साडेबारा वाजले आणि खालच्या पोरांना हॉल पाहिजे होता.

चौथ्या रविवारी प्रत्यक्ष लढाया. गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्गच्या लढाया, उत्तरेचा सेनापती शर्मन, ली शरण आला ते ॲपोमॅटॉक्स, ठीक होतं, यूट्यूबवर यापेक्षा चांगले नकाशे मिळतात. एक आकडा तेवढा मनात बसला, मेलेल्यांचा. वर्षानुवर्षं ६,२०,००० सांगत होते, २०११ ला एका इतिहासकारानं जनगणनेचे आकडे परत तपासून साधारण साडेसात लाख काढले. दीडशे वर्षांनी सुद्धा माणसं मोजायची राहिलेली असतात.

पाचवा रविवार आठवणीचा. युद्ध १८६५ ला संपलं, १८६६ लाच रिचमंडच्या, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीतल्या, एका संपादकानं दक्षिणेच्या बाजूनं जाडजूड पुस्तक लिहिलं, "हरलेलं ध्येय" अशा अर्थाचं नाव, आणि तेच नाव पुढं त्या सगळ्या विचाराला पडलं. दक्षिण हरली ती फक्त माणसं आणि तोफा कमी पडल्या म्हणून, सेनापती देवमाणूस, गुलाम सुखी, आणि भांडण हक्काचं. १८९४ ला युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी ही बायकांची संघटना निघाली, त्यांनी चौकाचौकात पुतळे उभे केले आणि त्याहून मोठं काम म्हणजे शाळेच्या पुस्तकांवर लक्ष ठेवलं, कुठलं पुस्तक पोरांना द्यायचं, कुठलं नाही. पुतळे सगळ्यात जास्त कधी उभे राहिले? १९०० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत. म्हणजे जेव्हा दक्षिणेत काळ्या माणसांचा मताचा हक्क काढून घेतला जात होता आणि रेल्वेच्या डब्यापासून शाळेपर्यंत सगळं वेगळं केलं जात होतं, तेव्हा. परत तारखा.

आणि मग सरांनी स्टोन माउंटनच्या तारखा सांगितल्या, काकांकडं न बघता, मला वाटतं मुद्दामच बघितलं नाही. १९१५ ला कू क्लक्स क्लॅन ही काळ्या लोकांवर हल्ले करणारी गोऱ्यांची संघटना त्याच डोंगरावर परत सुरू झाली. कोरीव काम मध्येच बंद पडलं ते कित्येक वर्षं तसंच. १९५४ ला सुप्रीम कोर्टानं शाळा वेगळ्या ठेवणं बेकायदा ठरवलं, १९५८ ला जॉर्जिया राज्यानं डोंगर विकत घेतला, काम पूर्ण झालं १९७२ साली. युद्ध संपून शंभर वर्षं उलटल्यावर. काका म्हणाले, १९७२? म्हणजे आपल्याकडं दुष्काळ पडला ते वर्ष? मी तेव्हा बँकेत लागायचो होतो, मला वाटत होतं ते जुनं आहे.

या दिवशी दुसरी बाजू पण आली, ती मी कुठं ऐकली नव्हती. १ मे १८६५, चार्ल्सटन शहर, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात उत्तरेचे कैदी मेले होते आणि तसेच घाईत पुरले होते. नुकत्याच मोकळ्या झालेल्या काळ्या लोकांनी ती प्रेतं नीट पुरली, कुंपण घातलं आणि हजारोंनी फुलं घेऊन मिरवणूक काढली, शाळेतली पोरं पुढं. ही आठवण शहर नंतर विसरलं, पुतळेवाली राहिली. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळून आलेला, तो १८७८ ला भाषणात म्हणाला होता की या युद्धात एक बाजू बरोबर होती आणि एक चूक. कारण तोवर दोन्हीकडचे गोरे सैनिक शौर्याच्या गोष्टी करून हात मिळवायला लागले होते आणि भांडण कशाचं होतं हे कुणी काढायचं नाही असं ठरल्यासारखं झालं होतं. रिचमंडमधला लीचा पुतळा १८९० ला उभा राहिला आणि २०२१ ला उतरवला. २०१५ ला चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या पोरानं नऊ जणांना मारलं तेव्हापासून हा वाद परत पेटला.

सोलापूरचा विषय निघणारच होता, शाळेतल्या बाईंनी काढला. आपण रोज पार्क चौकातून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जातो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. ८ मे १९३० ला गोळीबार झाला, मग शहरात लष्करी कायदा लागला. बाई म्हणाल्या की इंग्रजांच्या कागदात तो दंगा आणि आपल्या तोंडी स्वातंत्र्याचा लढा, नावातच बाजू कळते. सरांनी लगेच जोडलं की अमेरिकेतही तसंच, उत्तरेच्या सरकारी कागदात ते बंड, दक्षिणेत राज्याराज्यांमधलं युद्ध. एमपीएससीच्या एका पोरानं विचारलं की मग सगळंच बघणाऱ्यावर असतं का, खरं असं काही नसतंच? सर जरा चिडले, पहिल्यांदाच. म्हणाले, नाव देणं बघणाऱ्यावर असेल, पण मिसिसिपीनं काय लिहिलं ते बघणाऱ्यावर नाही, कागद समोर आहे, आणि येरवड्यात कोण फासावर गेलं तेही बघणाऱ्यावर नाही. मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. हल्ली दोन्ही बाजू असतात असं म्हटलं की माणूस समंजस वाटतो, पण काही वेळा एका बाजूनं कागदावर सही करून ठेवलेली असते.

आता माझी मोठी तक्रार. सहावा रविवार, कापसाचा, ज्याच्यासाठी मी आलो होतो, त्याला मिळाली जेमतेम चाळीस मिनिटं! बाकी वेळ सर्टिफिकेट, फोटो आणि अभिप्रायाचे फॉर्म. अहो, हे सोलापूर आहे, इथं कापसाला चाळीस मिनिटं?

जे सांगितलं ते मात्र ऐकण्यासारखं. युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामीतल्या माणसांनी वेचलेला. म्हणून तर दक्षिणेचा सिनेटर हॅमंड १८५८ ला म्हणाला होता की कापसाशी लढायची कुणाची हिंमत नाही, कापूस राजा आहे. उत्तरेनं बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या. मग सगळ्यांचं लक्ष इकडं वळलं. आपला कापूस आखूड धाग्याचा, कचरा जास्त, तिकडचे कामगार त्याला वैतागायचे, पण दुसरं होतंच काय. (आखूड धाग्यानं सूत किती तुटतं हे मला कुणी शिकवायला नको.) मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद हा कापसाचा व्यापारी आणि शेअरचा बाजार, समुद्र हटवायच्या कंपन्या, आणि १८६५ ला ली शरण आल्याची बातमी आली तशी भाव कोसळले, जुलैपर्यंत बाजार बसला. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्याच प्रेमचंदच्या देणगीतला, आईच्या नावानं. आपल्या सोलापूरला रेल्वे आली १८६० ला, म्हणजे लढाईच्या तोंडावर. आणि १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले (तेच दख्खनचे दंगे), त्यामागं कापसाच्या त्या तेजीत वाढलेलं कर्ज किती आणि सरकारनं वाढवलेला शेतसारा किती, यावर इतिहासकार अजून भांडायलेत. एवढं सांगून सर पुढं गेले. इथं पूर्ण रविवार पाहिजे होता! दुसऱ्या रविवारी जसे कागद वाचले तसे दख्खनच्या दंग्यांच्या चौकशी आयोगाचे कागद वाचायला दिले असते तर आम्ही सगळ्यांनी डोकं लावलं असतं.

दोन गोष्टी तरी मिळाल्या. एक, मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन लिंकनला पत्र लिहिलं, की गुलामी मोडा, आम्ही तुमच्या बाजूनं. कापूस नाही, काम नाही, घरात खायला नाही, तरी. तिकडचे सगळेच कामगार असे नव्हते, हेही सरांनी सांगितलं. लिंकननं त्यांना जानेवारीत उत्तर पाठवलं. माझे वडील गिरणीत होते, संपाचे दिवस मी लहानपणी बघितलेत, चूल बंद असताना दुसऱ्या खंडातल्या माणसासाठी असा ठराव करायला काय लागत असेल याचा अंदाज मला आहे. ते पत्र ऐकताना माझ्या डोळ्यात पाणी आलं. दोन, जोतीराव फुल्यांनी १८७३ ला "गुलामगिरी" लिहिलं ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामी मोडली म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा धरून. युद्ध संपून आठ वर्षं झालेली, पुण्यात बसलेल्या माणसाला ते कशासाठी झालं याबद्दल शंका नव्हती. पुस्तक माझ्या घरी आहे, अर्पणपत्रिका मी कधी वाचलीच नव्हती, त्या रात्री काढून वाचली.

आता जायचं असेल तर कामाच्या गोष्टी. गाडी लावायला जागा नाही, लवकर जावा किंवा रिक्षानं जावा. खुर्च्या प्लास्टिकच्या, अडीच तासांत कंबर धरते. चहा फीमध्ये नाही, खालच्या टपरीवर मिळतो, बरा असतो. गठ्ठ्यात १४ नंबरचं पान सगळ्यांचंच पुसट आलं होतं, दुसरं मागितलं तर दिलं, पण मागावं लागलं. सर्टिफिकेट पोरांना उपयोगी असेल, मला नको होतं. पोरांनी परीक्षेचा क्लास समजून जाऊ नये, इथं नोट्स मिळत नाहीत, वाचायला लागतं. पाचपैकी चार देतो. एक कापला तो पहिल्या रविवारचा आणि कापसाचा मिळून.

आणि माइकची सोय करा. फॅन लावला की सरांचा आवाज तिसऱ्या ओळीच्या पुढं जात नाही. काकांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, ते दर वेळी हात कानामागं धरून बसायचे. शेवटच्या दिवशी जिन्यात उभं राहून ते मुलीला फोनवर सांगत होते, अगं तो डोंगर १९७२ चा आहे, आणि तुझ्या त्या शेजाऱ्याला मिसिसिपीचं पत्रक वाचायला दे, इंटरनेटवर इंग्रजीत मिळतं, मी मराठीत वाचलं. फोन ठेवला आणि मला म्हणाले, पुढच्या बॅचचे पैसे भरून टाकले. तर अभ्यासिकावाले हे वाचत असतील तर त्यांना एवढीच विनंती, पहिल्या ओळीत डावीकडची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवा.